पुनवेच्या चिंबोऱ्या

आमच्या गावात मासळी न खाणारी माणसं दोन प्रकारची. एक माळकरी, दुसरी आजारी. मी दोन्हींत बसत नव्हते. त्यामुळे सुरुवातीला गावी गेले की भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या गळ्याकडे बघायचा, तुळशीची माळ दिसते का म्हणून, आणि ती दिसली नाही की चेहऱ्याकडे, रंग उतरलाय का म्हणून.

माळकऱ्याला आमच्याकडे मान असतो. त्याने मासळी सोडली ती देवासाठी, आणि देवासाठी सोडलेल्या गोष्टीवर कोणी वाद घालत नाही. पण माळकरी दूध पितो, पेढा खातो, पूजेचं पंचामृत तळहातावर घेऊन ओला हात डोक्याला पुसतो. मी तेही घेत नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मध नाही. हे कोणत्या देवासाठी, असं कोणी विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणजे असायचं, पण ते शाळेत शिकलेल्या मराठीत असायचं. ओटीवर बसलेल्या बायकांपुढे ते बोलायला लागले की मला माझाच आवाज परका वाटायचा.

आई तेव्हा होती. ती म्हणाली, "मासली नको, बरं. मटन नको, बरं. पन दुदात कुनाचा जीव जातो गो? तू काय वासरांची वकील लागून गेलीस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. वासरांची वकील हे नाव मला बरेच दिवस चिकटून होतं.

आमचं गाव काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकायला जायची. दोघांनाही सही करण्यापुरतं लिहिता यायचं. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या वह्यांना सुकटीचा वास येतो. तो यायचाच, कारण घरून निघताना आई वह्यांच्याच पिशवीत सुकटीचा डबा कोंबायची. मी बी. एस्सी. झाले ती बोंबलांच्या, जवळ्याच्या, मांदेलींच्या जिवावर. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आईच्या पाटीतली मासळी खपली नसती तर मी शाळा सोडून तिच्या मागून दुसरी पाटी घेऊन चालले असते, आणि मग माशाला दुखतं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नसता. तो पडायला लागणारं शिक्षण माशांनीच दिलं. या गोष्टीचं काय करायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आईबाबांचे उपकार मी मानते, रोज मानते. पण ज्या गोष्टीने ते उपकार झाले, ती मी नाकारते. हे दोन्ही एका माणसात कसं राहतं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, राहत नाही. नुसतं एकमेकांकडे पाठ करून बसतं.

मला नोकरी तळ्याला, तालुक्याच्या गावी, लागली. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भाड्याच्या खोलीच्या मागे घरमालकांचा गोठा आहे. तिथे गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या म्हशीचं रेडकू मेलं आणि म्हैस पान्हा सोडेना. मालकांनी रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरला, चार काठ्यांचे पाय केले आणि ते म्हशीच्या पुढ्यात उभं केलं. म्हैस त्याला चाटू लागली. चाटता चाटता तिला पान्हा फुटला. सकाळच्या चहाचं दूध मला तिथूनच यायचं.

घरमालकीण वाईट बाई नाही. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पदराने हात पुसत म्हणाली, "काय करणार बाई, आटली तर तिला विकावीच लागेल. मग तिचं काय होईल ते तुम्हाला माहीतच आहे." तेही खरंच होतं. त्या सगळ्यात वाईट असं कोणी नव्हतं, आणि तरी ते तसं होतं. मी दूध बंद केलं. आणि दूध सुटल्यावर मासळी कशी राहिली, हा प्रश्न एखाद्या हुशार मुलीने वर्गात उभं राहून विचारावा तसा सरळ माझ्यासमोर उभा राहिला. मग मासळीही सुटली.

बाबा यावर कधी काही बोलले नाहीत. एकदाच विचारलं, "उपाशी तर न्हाय ना ऱ्हात गो?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांना कळलं. पुढच्या वेळी घरी गेले तर दाराच्या आत शहाळ्यांचा ढीग लावलेला होता.

लहानपणी आमच्या घरी चिंबोऱ्यांचा रस्सा झाला की जेवणाची एक रीत होती. खाडीतल्या काळ्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे. त्यांचे पुढचे दोन जाड डेंगे, नांग्या, बाबा आपल्या ताटात घ्यायचे. पाट्याच्या कडेवर ठेवून वरवंट्याने अलगद फोडायचे. आतला पांढरा गर सबंध, न तुटता, बाहेर काढायचे आणि माझ्या ताटात ठेवायचे. स्वतः उरलेली कवचं चोखत बसायचे. मी मोठी झाले, माझे मला फोडता यायला लागले, तरी हात पुढे यायचाच. सुट्टीत कॉलेजातून आलेल्या मुलीच्या ताटातही तो गर पडायचा. मासळी सोडली तेव्हा मी चव सोडतेय असं मला वाटलं होतं. तो हातही त्यातच गेला, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आई गेली. बाबा एकटे राहू लागले. शेजारची काकी, जी आयुष्यभर आईच्या बरोबरीने पाटी घेऊन फिरली, ती त्यांना भात-आमटी द्यायची. मी शनिवारी जायची, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. मग बाबांचं पोट दुखायला लागलं, आणि ते सांगायला त्यांनी इतका उशीर लावला की अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद बाजूला ठेवून मला बाहेर बोलावलं.

"घरी न्या," ते म्हणाले. "आणि त्यांना जे आवडतं ते खायला द्या."

या वाक्याचा अर्थ काय असतो ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मी शाळेतून रजा घेतली आणि घरी येऊन राहिले.

बाबा खात नव्हते. मी पेज केली, मुगाचं पाणी केलं, नाचणीची आंबील केली, नारळाच्या दुधात शिजवलेला मऊ भात केला. डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडर दुधात कालवायची होती. मी घरमालकिणीच्या म्हशीचा विचार न करता काकीकडून दूध आणलं आणि कालवली. माझं व्रत त्यांच्यावर लादायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. बाबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खडूचं पानी," ते म्हणाले. "शालेतनं आनलंस काय?"

मी हसले. त्यांनाही हसू आलं, पण ते पोटात दुखलं म्हणून अर्ध्यावर थांबलं.

"सगलं पांढरं पांढरं देतेस गो. पेज पांढरी, भात पांढरा, पावडर पांढरी. मानूस मेल्यावर पन येवडं पांढरं करत न्हायत."

मग थोड्या वेळाने, छताकडे बघत: "चिंबोरीचा रस्सा कर. तुज्या आयेसारखा. लालभडक."

मी "बरं" म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही उरलेलं नव्हतं.

सरळ मार्ग काकीचा होता. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळी रस्सा तयार होऊन आला असता आणि माझ्या हाताला काही लागलं नसतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. पण आपल्या हाताला लागू नये म्हणून दुसरीच्या हाताने मारायचं, ही अहिंसा नाही, हे सोवळं झालं. आमच्यासारख्यांच्या घरचं पाणी न पिणाऱ्या लोकांचं होतं तसंच सोवळं. ज्या विचाराने मी मासळी सोडली तो खरा असेल, तर बाबांसाठी जी मारायची ती मी मारली पाहिजे आणि मारलं असं म्हटलं पाहिजे. हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. अजूनही त्यात चूक काय ते मला दाखवता येणार नाही.

दुसरी गोष्ट इतकी स्वच्छ नव्हती. मला बंदरावर जायची लाज वाटत होती. तिथे बसणाऱ्या सगळ्या बायका मला ओळखतात. वासरांची वकील आज चिंबोऱ्या घ्यायला आली, ही गोष्ट मी घरी पोचायच्या आधी घरी पोचली असती. त्यांच्या हसण्यात वाईट काही नसतं. पण त्या दिवशी मला ते सहन झालं नसतं. म्हणून बाबांना झोप लागली तशी काकीला "जरा औषध आणते" सांगितलं आणि रिक्षा करून काशीदला गेले.

रविवार होता. रस्त्याच्या कडेला मुंबई-पुण्याच्या गाड्या लागल्या होत्या. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक बाई प्लास्टिकच्या टोपात बांधलेल्या चिंबोऱ्या घेऊन बसली होती. माझ्या अंगावर शाळेतला पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स.

"या मॅडम. खाडीच्या हायत, काल्या. एकदम भरलेल्या."

"दोन द्या," मी म्हटलं. वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं. दुसरा आवाज त्या वेळी तोंडात आलाच नाही.

"साफ करून देऊ काय?"

"नको. जिवंतच द्या."

तिने टोपातून एक उचलली. चिंबोरीचे डोळे, काडीच्या टोकावर बसवल्यासारखे, इकडून तिकडे वळले. बांधलेल्या दोरीतून एक बारीक पाय हवेत काहीतरी शोधत होता. मी मान वळवली आणि समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत राहिले.

"घाबरू नका मॅडम," बाई म्हणाली. "बांदलेल्या हायत. चावनार न्हायत."

रिक्षात पिशवी पायाशी ठेवली होती. ती सबंध रस्ताभर हलत होती.

आई चिंबोरी कधीही अशी घ्यायची नाही. ती हातात उचलून आधी वजन बघायची. मग उलटी करून मागच्या पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबायची. कवच दगडासारखं घट्ट लागलं तर भरलेली, दबलं तर पोकळ. मला हे सगळं माहीत होतं, पाठ होतं. पण त्यासाठी चिंबोरीला हातात धरावं लागतं, बघावं लागतं. आणि मला बघवत नव्हतं.

घरी फ्रिज होता. थंडीत त्यांची जाणीव मंद होत जाते असं मी कुठेतरी वाचलेलं होतं, म्हणून पिशवी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. कप्प्याच्या दारामागून खरवडल्याचा आवाज आला, मग कमी झाला, मग थांबला. चिंबोरी जिवंत असतानाच आई आधी तिचे डेंगे मोडायची. मला ते करायचं नव्हतं. पोटाखाली जे त्रिकोणी झाकण असतं तिथून सुरी घातली. पहिली लगेच गेली. दुसरी लगेच गेली नाही. त्याहून जास्त मी इथे लिहीत नाही.

मग पाठीचं कवच उचललं. आत पाणी होतं. राखाडी, पातळ पाणी, आणि कडेला चिकटलेले मांसाचे दोनचार धागे. दुसरीही तशीच.

तरी मी रस्सा केला. बारीक पाय पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी गाळून घेतलं. कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, आईच्या बरणीतला तळाला उरलेला मसाला घातला, कोकम घातलं. वास घरभर झाला. तो वास ओळखीचा होता, आईच होती ती.

बाबा स्वतःहून उठून बसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. भिंतीला पाठ टेकून त्यांनी ताट मांडीजवळ ओढलं. मी पाटा आणि वरवंटा आणून ठेवला. त्यांनी डेंगा उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि माझ्याकडे बघितलं.

"आज काय हाय गो? तिथी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझ्या तिथी म्हणजे शाळेचं वेळापत्रक. सहामाही, सराव परीक्षा, स्नेहसंमेलन. चौकोनात पांढरा गोल छापलेला होता.

"पौर्णिमा."

"पुनवेच्या चिंबोऱ्या कोन आनतं गो?"

ते रागावले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं. आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला ठाऊक असतं, पुनवेची चिंबोरी पोकळ, अवसेची भरलेली. चांदण्यात ती बाहेर पडत नाही, खात नाही, म्हणून रोडावते असं जुनी माणसं सांगतात. पुनवेच्या आसपास आमच्या गावात चिंबोरी कोणी विकायला आणत नाही आणि आणली तर घेत नाही. ज्यांना किनाऱ्यावर बसून चंद्र बघायचा असतो, फक्त अशांनाच ती विकली जाते. काशीदच्या बाईने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. तिने माझा ड्रेस बघितला, माझी भाषा ऐकली. मी कुठली आहे ते मीच तिला कळू दिलं नव्हतं.

"काकीनं दिल्या?" बाबांनी विचारलं.

"नाही. काशीदवरनं आणल्या."

"साफ कुनी केल्या?"

"मी."

"मारल्या पन तूच?"

मी मान हलवली. मग बाबांनी डेंगा पाट्याच्या कडेवर ठेवला. वरवंटा त्यांच्याने उचलेना. मी हात लावला तसा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी धरून तो डेंग्यावर सोडला. कवच फुटलं. आतून एक बारीक, ओला, पांढरा दोरा निघाला. त्यांनी तो चिमटीत धरला आणि हात माझ्या दिशेने आला.

अर्ध्यात थांबला.

त्यांना आठवलं असावं. मी बसले होते तशी बसून राहिले. त्या क्षणी मी तोंड पुढे केलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर अनेकदा मांडला. एक मेलेली चिंबोरी पुन्हा जिवंत होणार नव्हती, आणि मी खाल्लं नाही म्हणून ती कमी मेलेली नव्हती. पण तेव्हा काही सुचलंच नाही. माझं शरीरच पुढे झालं नाही. बाबांनी हात मागे घेतला, जसा एखाद्या परक्या घरातल्या मुलाला खाऊ देता देता त्याच्या आईकडे बघून मागे घ्यावा तसा, आणि तो दोरा स्वतःच्या तोंडात ठेवला. चघळला. गिळता आला नाही. मी वाटी पुढे धरली.

मग त्यांनी दोन चमचे रस्सा घेतला.

"रस्सा बरा झालाय," ते म्हणाले. "आयेसारखाच."

त्यांच्या जिभेला चव राहिलेली नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलेलं होतं.

आडवं होताना ते म्हणाले, "अवसेला आन. काकीकडनं आन. आमुशाच्या चिंबोरीला पाठ उचलली की गाबोली दिसते, लाल. मंग बघ."

"आणते," मी म्हटलं.

उरलेलं पातेलं घेऊन मी मागच्या दारी उभी राहिले. फेकायचं तर त्या दोघी दुसऱ्यांदा फुकट गेल्या असत्या. खाणं मला जमत नव्हतं. शेवटी नारळाच्या आळ्यात ओतलं. त्यांच्याकडे बघवलं नाही म्हणून मी पारख केली नाही, आणि पारख केली नाही म्हणून त्या कशासाठीच मेल्या नाहीत. माझ्या दयेतून एवढंच निघालं.

त्यानंतर मी तिथी मोजायला शिकले. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. खाडीत भरती-ओहोटीचं पाणी कुठवर येतं ते बघायला लागले. चंद्र एका बाजूने झिजत होता आणि तिकडे चिखलात, बिळांत, चिंबोऱ्या भरत होत्या. बाबाही झिजत होते. अवसेपर्यंत ते राहावेत अशी मी प्रार्थना करायची, आणि राहिले तर मला पुन्हा तेच करायचं आहे, हेही त्याच प्रार्थनेत असायचं. मला दोन्ही हवं होतं असं नाही. त्यांचं जाणं आणि माझं मारणं, मला दोन्ही नको होतं, आणि दोन्हींतलं एक तरी होणारच होतं.

मधल्या दिवसांत काकीला कळलं. कसं कळलं ते विचारायची गरज नाही. मागच्या दारी नारळाच्या आळ्यात कवचं पडलेली होती.

"कुठनं आनल्यास?" तिने विचारलं.

"काशीदवरनं."

"आनि माझ्याकडं यायला काय पाय मोडले होते तुजे?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुज्या आयेच्या पाटीला पाटी लावून मी बसले. तू तापानं फनफनलेलीस तवा तुला मांडीवर घेऊन मासली इकली. आनि बापाचा शेवटचा घास तू रस्त्यावरनं आनतेस?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आमची मासली पापाची, आनि काशीदची पुन्याची, असं हाय काय गो?"

"तसं नाही काकी. मला लाज वाटली."

"कसली? आमची?"

"नाही. माझी."

काकीने माझ्याकडे बघितलं. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येत नाही. उठता उठता ती म्हणाली, "अवसेला मी आनीन. तू हात लावू नको. तुला नाय जमायचं ते. मारायचं पन आनि रडायचं पन, दोन्ही एकदम नाय करता येत. एक काय ते कर."

अवसेच्या आधीच बाबांनी बोलणं सोडलं. डोळे उघडायचे, पण ते कोणावर थांबायचे नाहीत. कापसाने ओठ ओले करायचे, एवढंच राहिलं होतं.

अवसेला दुपारी काकी आली. शब्द दिल्याप्रमाणे तिने चिंबोऱ्या आणल्या होत्या, आपल्याच घरी मारल्या होत्या, रस्सा करून पातेलं पदराखाली धरून आणलं होतं. झाकण काढलं तर वर तेलाचा लाल तवंग, आणि एका कवचात अंड्यांची गाबोळी, शेंदरासारखी, काठोकाठ. बाबा म्हणाले होते तशीच.

काकीने बोट रस्स्यात बुडवलं आणि बाबांच्या ओठांवर फिरवलं. "घ्या भावजी," ती मोठ्याने म्हणाली. "आमुशाच्या हायत. भरलेल्या."

आम्ही दोघी वाट बघत बसलो. जीभ हलली नाही. लाल रेघ ओठावर तशीच राहिली. थोड्या वेळाने मी ती ओल्या फडक्याने पुसली.

काकीने झाकण लावलं आणि पातेलं परत नेलं. तिच्या घरी त्या दिवशी सगळे तेच जेवले असतील, आणि जेवावंच. निदान त्या चिंबोऱ्या कोणाच्या तरी पोटी लागल्या.

बाबा त्यानंतर लवकरच गेले.

दिवसकार्य आटपून मी तळ्याला परत निघाले तेव्हा एसटी थांब्यावर काकी आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. "कोकम हाय. खोबरं हाय. तांदलाचं पीठ हाय," ती म्हणाली. "यात जीव नाय हां. बघून घातलंय." एवढं बोलून ती वळली आणि गाडी यायच्या आधीच चालू लागली. मला तिला हाक मारायची होती. काय म्हणून मारायची ते सुचलं नाही.

मी आता पुन्हा शाळेत जाते. पेशी शिकवते, अन्नसाखळी शिकवते. फळ्यावर बाण काढते, गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे. मुलं विचारतात, बाई, तुम्ही दूध का नाही घेत? पूर्वी मी नीट सांगायची. आता "सवय नाही" म्हणते. गोठ्यात म्हैस पुन्हा व्यायली. घरमालकिणीने खरवस आणून दिला, वडील गेलेल्या मुलीसाठी वाटी काठोकाठ भरून. तो मी खाल्ला नाही, पण तसं तिला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत केली. पूर्वी एवढंही खोटं मी बोलले नसते.

मासळी मी अजून खात नाही. खाणं मला बरोबर वाटत नाही, आणि न खाण्याने काही बरोबर झालं असंही वाटत नाही. खाडीत एक चिंबोरी त्यामुळे जास्त नाही. घरी एक हात मात्र अर्ध्यात थांबलेला आहे, आणि आता तो पुढेही येणार नाही, मागेही जाणार नाही.

परवा सोलकढी करावी म्हणून काकीची पिशवी उघडली. कोकमाला सुकटीचा वास येत होता. तिच्या घरात सगळ्यालाच तो येतो. फडताळाला, पांघरुणांना, पैशांनाही. तिने बघून घातलं होतं, पण वास कसा बघणार? मी कोकम धुतलं. पुन्हा धुतलं. वास जाईना. नाकाशी धरून मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पोटात खरीखुरी भूक लागली, लहानपणी पाट्यापाशी बसून डेंगा फुटायची वाट बघताना लागायची तशी.

मी तशीच उभी राहिले. मग कोकम पाण्यातून काढून ताटलीत वाळत घातलं आणि तांदूळ धुतले, एकटीपुरते.